काल्पनिक पात्रात खरा माणूस कितपत मावतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पहिली कादंबरी लिहिते आहे. मुख्य पात्र माझ्या काकांच्या स्वभावावर बेतलंय, पण ते काका नाहीत. नाव, काम, वय, घरची माणसं, सगळं बदललंय. अडचण अशी की जितकं बदलते तितका तो माणूस खोटा वाटायला लागतो, आणि काकांचं काही जसंच्या तसं घातलं की ते गोष्टीत उपरं वाटतं. संपूर्ण काल्पनिक पात्र खऱ्या माणसाला कितपत पकडू शकतं?"

मी कथा-कादंबरी लिहितो. इतरांची हस्तलिखितं छापायला जाण्याआधी वाचून त्यांवर काम करणं हाही बरीच वर्षं माझा व्यवसाय आहे. त्यामुळे ही अडचण मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो. अख्खा माणूस पात्रात येत नाही. तो हट्ट सोडा. पण माणूस स्वतःची समजूत कशी घालतो, ही एक गोष्ट काल्पनिक पात्र इतकी नेमकी पकडतं की चरित्रकार मागे पडतो, आत्मचरित्रकार तर फारच मागे पडतो, आणि वर्षानुवर्षं एका घरात राहिलेल्यांनाही ती तितकी स्वच्छ दिसलेली नसते. तुमचे काका निसटतायत ते तुम्ही फार बदल केले म्हणून, असं मला वाटत नाही. तुम्ही त्यांच्या लकबी उचलल्या आणि सबबी मागेच राहिल्या, असा माझा अंदाज आहे.

काय येत नाही ते आधी सांगतो, ते लवकर संपतं. शेरलॉक होम्सचा मित्र डॉ. वॉटसन लढाईत जखमी होऊन परतलेला असतो. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत गोळी त्याच्या खांद्याला लागलेली आहे, १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत पायाला. होम्सचे चाहते या विसंगतीची नाना स्पष्टीकरणं देत आले आहेत. खरा सैनिक असता तर कागदपत्रं जळली असती, साक्षीदार मेले असते, तरी गोळी कुठे लागली याचं उत्तर होतं. आपल्याला ते मिळालं नसतं एवढंच. वॉटसनच्या बाबतीत मुळात उत्तरच नाही. तीच गत शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या लेडी मॅकबेथची. आपण मूल पाजलेलं आहे असं ती एकदा म्हणते, आणि नाटकात तिचं मूल कुठेच नाही. तिला मुलं किती, हा प्रश्न समीक्षक एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये एका निबंधाला शीर्षक म्हणून दिला, तोही चेष्टेनं: पात्रांना खरी माणसं समजून त्यांच्या चौकशा करत बसणाऱ्या समीक्षेला काढलेला तो चिमटा होता. खऱ्या माणसाबद्दल कितीही विचारत गेलात तरी तळ लागत नाही. पात्राचा तळ शेवटच्या पानावर लागतो.

मग पात्रं पोकळ का वाटत नाहीत? कारण उरलेलं वाचक भरतो, आणि तो भरायला टपलेलाच असतो. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरियन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडमीट होणारी एक चौकट, एवढंच इकडून तिकडे हलत होतं. काय दिसलं असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्ट सांगितली: मोठा दांडगाई करतोय, छोटा त्याला भिडतोय, वर्तुळ घाबरून आत शिरलंय. नाक-डोळे नसलेल्या आकृत्यांना लोकांनी भीती दिली, राग दिला. लिहिणाऱ्यानं यातून एक गोष्ट उचलावी. हालचाल दिसली आणि तिच्यामागे हेतू असावा असं वाटलं, की माणूस उभा राहतो. भुवया, चष्म्याची दांडी, चालण्याची ढब हे नंतरचं सामान. हस्तलिखितांत मला उलट दिसतं: दीड पान चेहरा, आणि मग तो माणूस काहीच करत नाही.

आता मूळ मुद्दा, पात्र कुठे सरस ठरतं तो. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यांत त्यांनी हे सरळ मांडलं आहे: रोजच्या जगण्यात आपण एकमेकांना बाहेरच्या खुणांवरून अंदाजानं ओळखतो आणि तेवढ्यावर सहवास निभावतो, कादंबरीतल्या माणसाला मात्र, लेखकानं मनात आणलं तर, वाचक पुरतं ओळखू शकतो. म्हणूनच पात्रं कधीकधी सख्ख्या माणसांपेक्षा जवळची वाटतात. यात पात्राची थोरवी कमी आणि आपल्या रोजच्या नजरेची मर्यादा जास्त आहे.

ती मर्यादा किती चिवट आहे हे एका जुन्या प्रयोगात छान दिसतं. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांना क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूनं आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले आणि लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल ते ओळखायला सांगितलं. काहींना तर स्पष्ट सांगितलं होतं की लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, ती नेमून दिली होती. तरीही त्यांनी कॅस्ट्रोच्या बाजूनं लिहिणारा विरोधात लिहिणाऱ्यापेक्षा कॅस्ट्रोकडे जास्त झुकलेला असणार असंच धरलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो. स्वतःच्या वागण्याचं कारण शोधताना मात्र आपल्याला परिस्थिती दिसते.

हे काकांना लावून बघा. घरातले म्हणतात, काका चिडके आहेत. काका मनातल्या मनात स्वतःला चिडके म्हणत नसतात. "सकाळपासून तिसऱ्यांदा तेच विचारलं, मग माणूस काय करणार" असं म्हणत असतात. तुमच्याकडे काकांबद्दलची जी माहिती आहे ती बहुतेक पहिल्या प्रकारची आहे: चिडके, हिशोबी, मनानं चांगले, जिभेनं तिखट. ही सगळी बाहेरून चिकटवलेली लेबलं. ती प्रामाणिकपणे कागदावर उतरवली की जे तयार होतं ते काकांबद्दल घरातल्यांचं मत असतं. काका त्यात नसतात. आणि मत गोष्टीत घातलं की ते उपरं दिसणारच, कारण गोष्टीतल्या इतर कुणाला ते मत असायचं काही कारण नसतं.

आता जरा जवळून बघू. समजा, ओळखीत अशी एक व्यक्ती आहे जी सगळ्यांसाठी राबते, कुणाची मदत घेत नाही, आणि मदत मिळाली नाही हे विसरतही नाही. असा माणूस प्रत्येकाच्या माहितीतला असतो, म्हणून हे उदाहरण घेतोय. नवा लेखक लिहितो: "ताई फार कष्टाळू होती. कपाळावर आठी, केस घट्ट बांधलेले, सतत काही ना काही आवरत असायची. तिला वाटे, आपलं कुणाला काही नाही." यात एकही शब्द खोटा नाही, आणि ताईचा पत्ता नाही. आता हे बघा:

घर बदलायचं आहे. खोकी भरणं चाललंय. धाकटी बहीण दारात येते.

"ताई, काय भरू?"

"काही नको. तू बस."

"पुस्तकं तरी भरते."

"पुस्तकं मी लावून ठेवलीत. तू भरलीस की मला परत उपसावी लागतील."

बहीण बसते. थोड्या वेळानं फोन बघायला लागते. तिच्या पायांखाली गेलेलं चिकटपट्टीचं टोक ताई ओढून काढते, पाय उचल असं न सांगता. संध्याकाळी कुणाशी तरी बोलताना ऐकू येतं, "झालं सगळं. हो, एकटीनंच. नाही, ती होती ना. बसली होती."

शेवटचं वाक्य नीट बघा. ते शब्दन् शब्द खरं आहे. बहीण होती, आणि ती बसली होती. माणसं स्वतःशी खोटं बोलतात तेव्हा बहुतेकदा खरी वाक्यं वापरतात. फक्त आधीचं एक वाक्य गाळतात. इथे गाळलेलं वाक्य आहे "तू बस". ताईला ते आठवत नाही असं नाही. ते तिच्या लेखी हिशोबात धरण्यासारखं नाही. हा जो आतला हिशोब आहे तो शेजारी बसलेल्या बहिणीला दिसत नाही, कारण बहिणीचा स्वतःचा हिशोब चालू असतो: "विचारलं होतं मी." वाचकाला दोन्ही वह्या एकदम उघड्या दिसतात. खऱ्या आयुष्यात ही जागा कुणालाच मिळत नाही, आणि कल्पितातून खरा माणूस हाती लागतो तो याच जागेवरून.

आणखी एक लक्षात घ्या. चिकटपट्टीचं टोक ओढणं मी बनवलंय. तसं कुणीही, कधीही माझ्यासमोर केलेलं नाही. पण मदत नाकारणाऱ्या माणसाला पाय उचल एवढीसुद्धा विनंती जड जाते, हे एकदा कळलं की तो तपशील आपोआप सुचतो. खऱ्या प्रसंगातून उचललेला तपशील पुष्कळदा इतका बरोब्बर बसत नाही, कारण खऱ्या प्रसंगात आणखी पन्नास कारणं मिसळलेली असतात.

आता ताई काढून टाका. तिच्या जागी प्रयोगशाळेत काम करणारा एक तरुण ठेवा. अहवाल उद्या द्यायचा आहे. रात्री तो सहकाऱ्याला म्हणतो, "तू जा रे, तुला लांब जायचंय." सकाळी बैठकीत साहेब विचारतात, किती वाजले? "दोन. नाही नाही, त्याला मीच जा म्हटलं." इथे तर मघा गाळलेलं वाक्यही बोलून दाखवलंय, आणि तरी हिशोब तोच. उलट औदार्याची नोंद साहेबांसमोर झाली, म्हणजे व्याजासकट. वय बदललं, काम बदललं, बाईचा पुरुष झाला. सबब जागच्या जागी राहिली, आणि माणूसही राहिला. म्हणून तुम्ही किती बदललं याची चिंता करू नका म्हणतोय. नाव-गाव-पोशाख बदलल्यानं माणूस जात नाही. सबब हरवली की जातो. उलट सबब तुमच्या हातात नसेल तर काकांचा जुना स्वेटर वर्णनात घातला तरी त्यात कुणी नसेल.

सबब म्हणजे दरवेळी काहीतरी लपवाछपवीच असते असं नाही. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचे वडील कर्ज फेडता न आल्यानं १८२४ मध्ये मार्शलसी तुरुंगात गेले, आणि मुलाला लहान वयात कारखान्यात राबावं लागलं. त्यांच्यावर बेतलेला, 'डेव्हिड कॉपरफील्ड' या कादंबरीतला मिकॉबर कर्जात बुडालेला आहे, आणि काहीतरी जमून येईल या भरवशावर प्रत्येक दिवस ढकलतो. ही आशा हीच त्याची सबब. ती लोभस आहे, आणि तिच्यामुळे घरच्यांचे हाल होतात, दोन्ही एकदम. दुखावलेल्या मुलानं वडिलांचं सरळ चित्र काढलं असतं तर बहुधा यातली एकच बाजू आली असती. मिकॉबर वाचताना राग आणि माया यांतलं काय धरावं हे कळत नाही. अशा बापाच्या मुलालाही ते कळत नसणार.

एका पात्रामागे एकच माणूस असतो, हाही गैरसमज सोडून द्यावा. टॉलस्टॉयच्या शेजारच्या जमीनदाराच्या घरी राहणाऱ्या अ‍ॅना पिरोगोवा नावाच्या बाईनं जानेवारी १८७२ मध्ये मालगाडीखाली जीव दिला, आणि टॉलस्टॉयनं तिचं प्रेत जाऊन पाहिलं. 'अ‍ॅना कॅरेनिना' या त्याच्या कादंबरीतल्या नायिकेचं नाव आणि शेवट तिथून आले. रूप आलं, टॉलस्टॉयच्या मेव्हणीच्या आठवणींनुसार, पुश्किनची मुलगी मारिया हार्टुंग हिच्याकडून. मानेवर रुळणारे काळे कुरळे केससुद्धा. पण या दोघींची बेरीज केली तर 'अ‍ॅना कॅरेनिना' होत नाही. सुरुवातीच्या खर्ड्यांत तर ही बाई बरीच उथळ आणि सामान्य होती, सहानुभूती नवऱ्याकडे होती. लिहिता लिहिता टॉलस्टॉय तिच्या बाजूनं विचार करायला लागला तशी ती वाढत गेली. हे वाढणं त्या दोन खऱ्या बायकांकडून आलेलं नाही. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तनं तर एका परिचिताला लिहून दिलं होतं की आपल्या पात्रांच्या किल्ल्या, म्हणजे त्यांच्यामागची खरी माणसं, शोधू नका. आणि शोधायच्याच असतील तर एकेका पात्राला आठ-दहा आहेत. समीक्षकांनी तरी शोधणं थांबवलं नाही, तो भाग वेगळा.

एकाच माणसाला हुबेहूब उतरवण्यात काय होतं तेही डिकन्सकडेच बघता येतं. 'ब्लीक हाउस'मधला (१८५२-५३) हॅरल्ड स्किम्पोल म्हणजे पैशाच्या बाबतीत आपण निव्वळ लहान मूल आहोत असं गोड बोलत दुसऱ्यांच्या जिवावर जगणारा माणूस. बोलण्याची ढब डिकन्सनं ली हंट या लेखकमित्राकडून घेतली, आणि ती इतकी जमली की ओळखीच्यांनी लगेच ओळखलं. पण कथानकासाठी त्याच स्किम्पोलला त्यानं लाच घेऊन एका आजारी, बेघर पोराला पोलिसांच्या हवाली करायला लावलं. ढब हंटची, पाप कल्पित; वाचणाऱ्यांनी दोन्ही हंटच्या नावावर जमा केलं. हंट वारल्यावर डिकन्सनं आपल्या साप्ताहिकात लिहून खुलासा केला की घेतलं ते फक्त वागण्यातलं मार्दव, दुर्गुण नाहीत. उशीर झाला होता. त्याच्या आधी 'डेव्हिड कॉपरफील्ड' क्रमशः छापलं जात असताना असंच घडलं होतं. त्यातल्या मिस माउचर या ठेंगण्या बाईत स्वतःला ओळखून त्याच्या एका शेजारणीनं दुखावलेलं पत्र धाडलं. तिथे डिकन्सला वेळ होता. पुढच्या भागांत त्यानं मिस माउचरला चक्क चांगली करून टाकली. त्या बाईंना न्याय मिळाला. पात्र म्हणून मात्र ती मधूनच दुसरीच कुणीतरी होते, आणि ते वाचताना जाणवतं.

यातून मी काढलेला नियम असा: ढब घ्याल तर कृत्य खऱ्याचं की कल्पित याचा दहादा विचार करा, आणि कृत्य घ्याल तर ढब पूर्ण बदला. सबब मात्र मोकळेपणानं घ्या. ती कुणा एकाच्या मालकीची नसते, आणि गंमत म्हणजे ज्याची घेतली त्याला ती सहसा ओळखू येत नाही. काका पुस्तक वाचून विचारतील की यातला हा माणूस कोण. स्वतःला ओळखणारी माणसं निघतात ती भलतीच: ज्यांचा तुम्ही स्वप्नातही विचार केला नव्हता ती रागावून बसतात. हे मी लेखकांच्या घरच्या तक्रारींतून इतकं ऐकलंय की आता नवल वाटत नाही.

"अगदी माझे बाबाच!" असं वाचक म्हणाला की पात्र जमलं, असं मानतात. मला तितकं पटत नाही. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला खास त्याच्यासाठी म्हणून एक वर्णन दिलं. ते कितपत लागू पडतं त्याला ५ पैकी गुण द्यायचे होते. सरासरी ४ च्या वर गेली. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातला बराचसा मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातला. "तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून अस्वस्थ असता" या धाटणीचं लिहिलं की ते प्रत्येकाच्या बाबांना बसतं. हस्तलिखितांत अशी राशिभविष्याची पात्रं खूप असतात: कणखर पण हळवा, अबोल पण सगळं समजणारा. वाचक मान डोलावतो आणि पान उलटल्यावर विसरतो.

याच्या शेजारी पु. ल. देशपांड्यांचा नारायण ठेवा. दुसऱ्याच्या घरच्या लग्नात स्वतःला झोकून देणारा हा माणूस सगळ्यांवर बसत नाही. दहा नातेवाईक डोळ्यांसमोर आणले तर नऊ जण नारायण नाहीत हे लगेच सांगता येतं, आणि दहाव्याकडे बोट दाखवून लोक आजही "हा आमच्यातला नारायण" म्हणतात. पु.लं.नी तुमचा तो नातेवाईक कधी पाहिलेला नाही, तरी नारायणाचं नाव त्याला चिकटलं. माझी कसोटी हीच आहे. पात्र कुणासारखं आहे हे विचारण्याआधी ते कुणासारखं नाही हे सांगता येतं का बघा. जे कुणालाच वगळत नाही त्यानं कुणाला पकडलेलंही नसतं.

आता तुमच्या हस्तलिखिताचं काय करायचं. काकांनी केलेली अशी एक गोष्ट निवडा जी तुम्हाला आजही पटलेली नाही. मोठी असायची गरज नाही. भावाच्या आजारपणात न जाणं, एखाद्याचं पत्र न उघडता ठेवणं, असं काहीही. मग त्या गोष्टीचं समर्थन काकांच्या तोंडून लिहून काढा. पुस्तकात घालायला नाही, फक्त तुमच्यासाठी. ते इतकं चांगलं झालं पाहिजे की वाचून तुम्हालाच उत्तर सुचू नये. पहिल्या प्रयत्नात ते बहुधा वकिली होईल, "कारण एक, कारण दोन" असं. माणसं स्वतःशी असं बोलत नाहीत. ती म्हणतात, "गेलो असतो, पण मग सगळे माझ्याकडेच बघत बसले असते." अशा वाक्यापर्यंत पोचलात की थांबा, ते मिळालंय.

त्यानंतर काकांवर कधीच न आलेली वेळ तुमच्या पात्रावर आणा. कुणीतरी त्याचं सर्वांसमोर कौतुक करतंय, किंवा ज्याच्याशी अबोला आहे तो माणूस लिफ्टमध्ये एकटाच भेटलाय. पात्र काय करेल हे काका आठवावे न लागता कळत असेल तर तो माणूस तुमच्या हातात आहे, बाकी सगळं खुशाल बदला. काकांनी काय केलं असतं असा विचार करावा लागत असेल तर अजून तुम्ही नक्कल करताय, आणि नक्कल मूळ माणसाच्या पलीकडे एक पाऊल टाकू शकत नाही. कधीतरी असंही होईल की पात्र जे करेल ते काकांनी मुळीच केलं नसतं. बहुतेकजण इथे घाबरून पात्राला मागे ओढतात. ओढू नका.

जवळच्या माणसावर लिहिताना आणखी एक होतं: लेखक त्याला सगळ्या प्रसंगांत समजून घेतो. प्रत्येक चुकीला बालपणातलं एक दुःख जोडलेलं. हे वाचायला कंटाळवाणं होतंच, शिवाय खोटंही असतं. माणसाचा काही भाग त्याच्या स्वतःच्या सबबींतही बसत नाही. एखादी कृती अशी असू द्या की तिचं स्पष्टीकरण पात्राकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही. अशी जागा एकच ठेवा, फार झाल्या की तो लहरी वाटतो.

राहिला ओळख पटण्याचा आणि कायद्याचा प्रश्न. नाव बदललं की सुटलो असं नसतं. कॅलिफोर्नियात १९७९ साली गाजलेल्या एका खटल्यात लेखिकेनं पात्राचं नाव बदललं होतं, रूप बदललं होतं. दाढी न ठेवणाऱ्या, आखूड केसांच्या माणसाला लांब पांढरे केस दिले होते. तरी ज्या मानसशास्त्रज्ञाच्या उपचार-गटात ती स्वतः जाऊन बसली होती त्याला लोकांनी कार्यपद्धतीवरून ओळखलं, आणि निकाल लेखिकेच्या विरोधात गेला. तिनं त्याला आधी लिहूनही दिलं होतं की यावर लिहिणार नाही. तुमच्या बाबतीत तसं काही नाही, पण काकांचा धंदा किंवा एखादा गाजलेला प्रसंग असा असेल की त्यावरून अख्खं आप्तमंडळ त्यांना ओळखेल, तर तो बदला. आणि शंका असेल तर प्रकाशकाच्या वकिलाला दाखवा.

उलट दिशेनंही गोत्यात येता येतं. १९०८ मध्ये एका इंग्रजी रविवारच्या वर्तमानपत्रात हलकाफुलका लेख आला. त्यात आर्टेमस जोन्स नावाचा चर्चचा एक कारभारी परदेशातल्या उत्सवात परक्या बाईबरोबर मजा करताना दाखवला होता. असं चमत्कारिक नाव खऱ्या माणसाचं नसणार, असा भरवसा असावा. निघाला: त्या नावाचा एक बॅरिस्टर होता, आणि त्यानं तर पूर्वी त्याच वर्तमानपत्रात लिहिलेलंही होतं. त्यानं दावा लावला, १,७५० पौंड मिळवले, आणि १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनंही (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) निकाल कायम ठेवला. तेव्हा तुमच्या पात्राचं नाव आणि काम एकत्र टाकून एकदा इंटरनेटवर शोधून बघा, आणि तंतोतंत तसा कुणी सापडला तर आडनाव बदलून मोकळ्या व्हा.